बोटभर काजळी

आमच्या गच्चीवरची प्लास्टिकची खुर्ची पांढरी आहे. मी ती विकत आणली म्हणून मला हे ठाऊक. नव्या माणसाला सांगावं लागतं. हिवाळा लागला की सकाळी उन्हाकडे पाठ करून तिच्यात बसायचं, एका हातात चहा आणि दुसऱ्यात पेपर, याहून मोठं सुख नागपुरात अजून कोणी शोधलेलं नाही. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की हीच गच्ची भाकरीच्या तव्यासारखी तापते आणि आम्ही खाली कूलरसमोर माठासारखे पाझरत बसतो. त्यामुळे डिसेंबरात तिच्याकडून सगळी थकबाकी वसूल करून घ्यायची असते.

यंदा या वसुलीच्या काळातच आत्या राहायला आली. आत्याचं वय ब्याऐंशी, जन्म नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं ‘बघू पुढं’. पण डोळ्यांवर तिचा भरवसा तसाही कधी नव्हता. तिचं सगळं पाहणं तर्जनीनं चालतं. डाळ शिजली का, गाद्यांना ऊन लागलं का, फळीमागची जागा कोणी पुसली का, सगळं बोटानं. पहिल्याच सकाळी ती गच्चीवर आली, खुर्चीच्या हातावरून तिनं बोट फिरवलं, ते डोळ्यांजवळ नेलं आणि एक शब्द न बोलता माझ्यासमोर धरलं.

“धूळ,” मी म्हणालो.

“धूळ काऊन? धूळ अशी राह्यते का?”

आणि तिनं ते बोट माझ्या पेपरवर पुसलं. पहिल्या पानावर फीत कापणाऱ्या एका पुढाऱ्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत काळा पट्टा उमटला. तोंडाला काळं फासणं हा आपल्याकडचा जुना राजकीय कार्यक्रम, पण तो इतक्या शांतपणे, घोषणा न देता पार पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

“काजळी आहे ही,” आत्या म्हणाली. “कोण काय जाळून राह्यलं, बघ जरा.”

तेव्हापासून मी बघतो आहे.

आत्याची परीक्षा साधी आहे. धूळ फुंकली की उडते. राख चिमटीत चोळली की कचकचते. काजळी फुंकरीला दाद देत नाही, चोळली तर कचकचत नाही. ती नुसती पसरते. पुसायला गेलात की जिथं नव्हती तिथंही होते. बोटाची काजळी रुमालाला, रुमालाची खिशाला, खिशाची धोब्याच्या गाठोड्यातल्या शेजाऱ्याच्या सदऱ्याला. याचं कारण तिच्या जन्मात आहे. लाकूड असो, तेल असो की डिझेल, त्याला जळताना पोटभर हवा मिळाली तर त्यातला कार्बन वायू होऊन निघून जातो. हवा कमी पडली किंवा ज्योत मधेच थंडावली, की त्याच कार्बनचे मणी होतात. इतके बारीक, की आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे हजारावर मणी शेजारी शेजारी मावतील. हे मणी एकमेकांना धरून माळा करतात, आणि त्या माळांना न जळलेल्या तेलाचा, डांबरासारख्या चिकट द्रव्यांचा हात लागलेला असतो. थोडक्यात, काजळी म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. हे कळल्यापासून मला तिच्याबद्दल घरोबा वाटू लागला आहे. माझ्या टेबलाच्या खणात ती बरीच साठलेली आहे.

शोध सुरू झाला तसे संशयितही पुढे आले. नागपुरात कुठं काही काळं दिसलं की माणूस आधी उत्तरेकडे बघतो. गल्लीतले एक काका खुर्ची न पाहताच म्हणाले, “कोराडी!” कोराडीचं औष्णिक वीज केंद्र १९७४ पासून आमच्या उशाला आहे, पलीकडे खापरखेडा आहे, आसपास कोळशाच्या खाणी आहेत, तेव्हा शहरात कोणाच्या सदऱ्यावर डाग पडला तरी कोराडीचं नाव येतं. पण इथं आत्याची परीक्षा आड येते. वीज केंद्रात कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात, तो जवळजवळ पुरता जळतो, आणि मागे उरते ती राख, करडी आणि कचकचणारी. त्या राखेचं दुःख कोराडीभोवतालच्या गावांना थोडंथोडकं नाही. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा शेतांत राखेचा गाळ पसरला होता. खुर्चीवरचा डाग मात्र तिचा नव्हता. म्हणून कोराडी साव ठरते असं नाही; या एका गुन्ह्यात ती हजर नव्हती, एवढंच.

धाकट्या मुलाचं म्हणणं, डिझेल. रात्री शहराबाहेरून ट्रक जातात, दिवसा आतून सगळंच जातं. हे तो मोटरसायकलला किक मारत सांगत होता. मी त्याला म्हणालो, तुझ्या गाडीचे टायरसुद्धा काजळीचे आहेत. त्याला ते पटलं नाही, पण खरं आहे. रबराच्या झाडाचा चीक दुधासारखा असतो. टायर काळा होतो तो त्यात कारखान्यात मुद्दाम तयार करून कालवलेल्या काजळीमुळे. ती घातली नाही तर टायर फार लवकर झिजतो. म्हणजे आपण काजळीवर बसून काजळी सोडत जातो, आणि घरी आल्यावर तोंड धुताना पांढरा टॉवेल का खराब झाला म्हणून विचारतो.

माझा स्वतःचा संशय समोरच्या रिकाम्या प्लॉटवर पालापाचोळा पेटवणाऱ्या गृहस्थांवर होता. ते रोज संध्याकाळी चार काटक्या, निंबाची पानं आणि कसल्यातरी पिशव्या गोळा करतात आणि शेकत बसतात. मी खिडकीतून त्यांच्याकडे कडक नजरेनं पाहतो. ते हात हलवतात. मग मीही हात हलवतो. प्रदूषणविरोधी चळवळ आमच्या गल्लीत इथंपर्यंत आली आहे.

मुलाचं आणि माझं, दोघांचंही थोडं थोडं खरं असावं, कारण हिवाळाच तसा असतो. उन्हाळ्यात तापलेली हवा वर जाते आणि धूर घेऊन जाते. डिसेंबरच्या रात्री जमीन आधी गार होते, तिच्या अंगाला लागलेली हवा गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. मग साऱ्या शहराचा धूर त्या झाकणाखाली, पातेल्यात भात वाफवावा तसा. सकाळी सेमिनरी हिल्सवर फिरायला गेलात तर हे झाकण डोळ्यांनी दिसतं. खाली शहरावर एक मळकट रेघ असते आणि वर निळं आभाळ. फिरायला आलेले लोक त्या रेघेकडे बघून दीर्घ श्वास घेतात आणि मग गाड्या सुरू करून तिच्यात उतरतात.

आत्याला या चर्चेचं कौतुक नव्हतं. “तुम्ही काजळी पाह्यलीच कुठं?” ती म्हणाली, आणि महालातला वाडा उघडला.

वाड्याच्या परसात तांब्याचा बंब होता. मलाही तो आठवतो. पोटातून आरपार नळी, खाली जाळी, वरून छिपट्या आणि गोवरीचे तुकडे टाकायचे. पहाटे तो धुमसायला लागला की धूर आधी आमच्या नाकात, मग लिंबाच्या झाडात आणि मग शेजारच्या वाड्यात. शेजारच्या वाड्याचाही बंब असे, त्यामुळे हिशेब फिटत असे. नळीत काजळीचा थर चढला की पाणी तापेना. मग बाबा तिच्यात जुना खराटा घालून फिरवत आणि आंघोळीच्या आधी जितके काळे होत तितके नंतर गोरे होत नसत.

आणि स्वयंपाकघर. कौलाखालचे वासे डांबर फासल्यासारखे काळे, कोपऱ्यात जळमटांवर काजळी बसून तयार झालेल्या जाड दोऱ्या. थोडा वारा आला की त्या झुलत, आणि नेमकी एखादी कढीत पडे. तरी आजी ती वाशांची काजळी काढू देत नसे. धुरानं माखलेल्या लाकडाला कीड लागत नाही, असं ती म्हणे, आणि ते बरोबर होतं. चुलीच्या वर दोरीला बियाण्याची कणसं टांगलेली असत. वर्षभर धूर खाऊन ती काळपट होत, पण सोंडा किडा त्यांच्या वाटेला जात नसे. भिंतीला मात्र दर दिवाळीला चुना. त्या चुन्यामागून मकरसंक्रांतीपर्यंत काळा रंग पुन्हा हळूच वर येई.

आजीला रसायनशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. पण चूल धुपायला लागली की ती फुंकणी उचलून नेमकी बुडाशी दोन फुंकरा मारी, धूर भप्पकन पेटे आणि नाहीसा होई. धूर म्हणजे न मिळालेली हवा, हे तिच्या फुंकणीला ठाऊक होतं. संध्याकाळी कंदिलाची काच पुसायचं काम माझं. चुलीतली चाळलेली राख आणि जुनं धोतर. राखेनं काजळी निघते. जे पुरतं जळलं त्यानं जे अर्धवट जळलं ते पुसायचं, असा तो प्रकार. आणि अभ्यासाला बसल्यावर जास्त उजेड हवा म्हणून मी वात वर केली की माजघरातून आवाज येई, “वात बारीक कर, काच काजळेल!” हावरटपणाबद्दल पुढे मी जे काही वाचलं ते एवढ्या थोडक्यात कोणी सांगितलेलं नाही.

वाड्यातली सगळ्यात देखणी काजळी तव्याखाली असे. आजीनं भाकरी झाल्यावर तवा चुलीवरून उतरवून भिंतीला उभा केला की त्याच्या काळ्या बुडावर लाल ठिणग्या पळायला लागत. एक इकडून निघे, फाटे फुटत, दुसरी तिला गाठे, आणि अंधारात ते सगळं दिवाळीतल्या शहरासारखं दिसे. “तवा हसला,” आजी म्हणे, “पाहुणे येणार.” पाहुणे वाड्यात रोजच येत, त्यामुळे तव्याचं भाकीत कधी चुकलं नाही. त्या ठिणग्या म्हणजे तव्याला चिकटलेली काजळीच असते; राहिलेलं जळणं ती तिथं, चुलीबाहेर, निवांत पुरं करत असते.

नाताळच्या सुटीत सात वर्षांची नात आली, तेव्हा तिला हे सगळं दाखवावं असं मनात आलं. पण तवा आता नॉनस्टिक आणि बंब गीझर. शेवटी मी मेणबत्ती पेटवली आणि स्टीलचा चमचा ज्योतीत धरला. चमच्याच्या पाठीवर काळी मखमल चढली. मग तो पाण्याच्या पेल्यात बुडवला. आणि पाण्यात तो काळा चमचा चक्क चांदीचा झाला! बाहेर काढला तर पुन्हा काळाकुट्ट, आणि वर कोरडा ठणठणीत. नातीनं वरून एक थेंब सोडला तर तो पाऱ्यासारखा गोल होऊन घरंगळत गेला. काजळीच्या त्या बारीक माळांच्या सांदीकोपऱ्यांत हवा अडकून बसते, पाणी चमच्याला शिवतच नाही. पाण्यात आपल्याला दिसते ती हवेच्या पातळ पापुद्र्याची चकाकी. नातीनं तो प्रयोग सतरा वेळा केला. घरातले सगळे चमचे संपले.

आत्या बाजूला बसून पाहत होती. “आमच्या थोरल्या जाऊबाई अश्शाच,” ती म्हणाली. “चारचौघांत चांदी.”

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०च्या नाताळात मायकेल फॅरडे नावाच्या थोर माणसानं मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. मेणबत्तीची ज्योत पिवळी का दिसते? तर तिच्या पोटात काजळीचे कण तापून लखलखत असतात म्हणून. उजेड देते ती काजळीच. ज्योतीच्या टोकाशी पोचेपर्यंत ती बहुतेक जळून जाते. मधेच गार ताटली आडवी धरली तर तेच लखलखणारे कण ताटलीला काळे होऊन चिकटतात. समईच्या प्रकाशात आपण जे पाहतो आणि समईच्या मागच्या भिंतीवर जे पुसत बसतो, ते दोन्ही एकच. गॅसच्या शेगडीची निळी ज्योत पाहा. तिला भरपूर हवा मिळते, काजळी होत नाही, आणि तिच्या उजेडात पोथी काय, किराण्याची यादीसुद्धा वाचता येत नाही. ती पिवळी व्हायला लागली की समजावं, बर्नरची भोकं बुजली आहेत आणि पातेल्याच्या बुडाला आता रंग चढणार.

काळी गोष्ट घरात मुद्दाम तयार करायची, असं काजळाखेरीज दुसरं काही मला आठवत नाही. आत्या ते अजून करते. पणतीत एरंडेल, जाड सुती वात, दोन्ही बाजूंना दोन वाट्या आणि त्यांच्यावर पालथं तांब्याचं ताम्हण, ज्योतीच्या टोकाला पुरतं टेकणार नाही आणि फार लांबही राहणार नाही असं. त्या मधल्या अंतरात सगळी कारागिरी. ताम्हण वर गेलं तर काजळी उडून जाते, खाली आलं तर वात गुदमरते. रात्री लावून ठेवायचं. सकाळी ताम्हणाच्या पोटाला बोटभर मऊ काळी साय. ती सुपारीच्या खांडानं खरवडायची, साजूक तुपाचे दोन थेंब घालून तळहातावर मळायची आणि पितळी डबीत भरायची. आता बाळांच्या डोळ्यांत काजळ घालू नका असं डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकावं. गालावरच्या तीटेला मात्र कोणा डॉक्टरनं अजून हरकत घेतलेली नाही. माझ्या बारशाच्या फोटोत माझ्या उजव्या गालावर केवढा तरी काळा ठिपका आहे. आत्यानंच लावला होता. फोटो पाहून लोक आधी ठिपका पाहतात, मग विचारतात, हे बाळ कोण. म्हणजे तीटेनं आपलं काम चोख केलं.

गालबोट हा शब्द मात्र बिचारा उलटा फिरला. दृष्ट लागू नये म्हणून लावायचं ते गालबोट. आणि आता दंगा झाला, मांडव पडला, वरमाय रुसली की पेपरवाले लिहितात, समारंभाला गालबोट लागलं. काजळीच्या नशिबात कौतुक फार दिवस टिकत नाही.

शाईत मात्र ती टिकली. काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी, खलात तासन्‌तास घोटून केलेली शाई. बोरूनं मोडी लिहिणाऱ्या भोसल्यांच्या कारकुनांचं आणि रिद्धपूरच्या महानुभावांच्या पोथ्या उतरवणाऱ्यांचं भांडवल तेच. अमरावतीकडच्या एका घरात मी अशी जुनी पोथी पाहिली आहे. कागद चहासारखा पिवळा, कडा कुरतडलेल्या, आणि अक्षरं अशी काळीभोर की बोट लावायला भीती वाटावी. कार्बनला उन्हाचं काही वाटत नाही, हवेचं काही वाटत नाही. कागद मरेल पण अक्षर फिकं होणार नाही. उलट गेल्या उन्हाळ्यात मी एका दुकानातून कूलर घेतला. दोन वर्षांची गॅरंटी. जुलैत मोटर जळाली. मी पावती काढली तर ती कोरी! आजकालच्या त्या गुळगुळीत कागदावर शाईच नसते, नुसतं उष्णतेनं उमटवलेलं लिखाण, आणि नागपूरच्या मे महिन्यात ते कपाटातल्या कपाटात उडून गेलेलं. दुकानदारानं पावती उन्हाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि सौजन्यानं परत दिली. महानुभावांनी कूलर घेतला असता तर गॅरंटी सातशे वर्षं वाचता आली असती.

गाड्यांची काजळी मी जेमतेम पाहिली. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये, आणि दहा वर्षांनी एम्प्रेस मिलचं धुरांडं. म्हणजे शंभरेक वर्षं या शहरानं दोन्ही बाजूंनी धूर घेतला. छिंदवाड्याच्या छोट्या गाडीनं आजोळी जाताना खिडकीसाठी मी भावाशी मारामारी करायचो, जिंकायचो आणि पहिल्याच वळणावर डोळ्यात इंजिनाचा कण जाऊन उरलेला प्रवास आईच्या पदराखाली डोळा चोळत करायचो. भाऊ खिडकीत बसायचा. मोतीबागेच्या संग्रहालयात ती छोटी इंजिनं आता ऑइलपेंट लावून उभी आहेत. मी एकाच्या अंगावरून बोट फिरवून पाहिलं. स्वच्छ! फार वाईट वाटलं.

पण आठवणींची ही ऊब मर्यादेत ठेवलेली बरी. आजीचा खोकला मी या निबंधात इतका वेळ आणला नाही, तो होता. पहाटे बंबाआधी तो सुरू होई आणि आम्हाला तो घड्याळाइतका सवयीचा झाला होता. चुलीपाशी पन्नास वर्षं काढलेल्या बायकांच्या छातीत काय साठतं, हे त्या काळी कोणी मोजलं नाही. लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानं १७७५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की धुरांडी साफ करणाऱ्या पोरांना जो कर्करोग होतो तो काजळीमुळे. एखाद्या धंद्यामुळे होणारा कर्करोग ओळखला गेला तो तिथं पहिल्यांदा. पुसता येते ती काजळी कमी धोक्याची. बोटाला लागत नाही इतकी बारीक असते ती थेट फुप्फुसात उतरते. उत्तर भारतातली काजळी वाऱ्यावर चढून हिमालयातल्या बर्फावर बसते आणि काळं कापड उन्हात तापावं तसं ते बर्फ तापवते. बरी गोष्ट एकच: हवेत ती फार टिकत नाही. कार्बन डायऑक्साइड पिढ्यानपिढ्या मुक्काम ठोकतो. काजळी आठ-पंधरा दिवसांत खाली येते. आज सोडायची थांबवली तर महिन्याभरात आभाळ धुतलेलं दिसेल. कोणी थांबवत नाही, हा भाग वेगळा.

याचा अभ्यास करणारी देशातली मोठी संस्था आमच्याच गावात आहे, ‘नीरी’. १९५८ पासून. धूर कमी करणारी ‘नीरधूर’ नावाची चूल त्यांनी केली, २०१८ मध्ये कमी धुराचे फटाके काढले. त्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीत पोरांनी ‘हे हिरवे आहेत काका’ म्हणून दुप्पट उडवले. गावाकडे २०१६ नंतर सिलिंडर पोचले. काटोलला मेहुण्याकडे ओट्यावर गॅस आहे आणि त्याच्यावर सुबकपणे टोपलं झाकलेलं आहे. सिलिंडर भरायला पैसे पडतात, शेतातली पऱ्हाटी फुकट पडते. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्यांचे भारे परसात रचले जातात आणि आंघोळीचं पाणी, गुरांची अंबोण, जाड सयपाक त्यांच्यावर होतो. चहा गॅसवर, पाहुण्यांचा.

जाळून टाकण्यावर आमचा नागपूरकरांचा विश्वास तसा फार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबती निघतात. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, असं मानतात. भोसल्यांच्या घरातल्या बांकाबाईंनी इंग्रजांशी हात मिळवला त्याच्या संतापातून काळी निघाली, असंही सांगतात. कामट्या आणि कागदाच्या त्या अवाढव्य बाया आणि त्यांच्यामागून वर्षभरात ज्याचा ज्याचा राग आला त्याचे बडगे. लोक ओरडून ओरडून महागाई, रोगराई, डास, खड्डे, सगळं तिला घेऊन जायला सांगतात, आणि शेवटी तिला पेटवतात. मी लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून ते पाहत असे. सगळी इडापिडा जळून वर गेली की मनाला फार हलकं वाटे. वर गेलेली इडापिडा नंतर कुठं उतरते, हे तेव्हा विचारलं नव्हतं. पावसाचे दिवस असतात, आसपासच्या कोणाच्या तरी वाळत घातलेल्या धोतरावर उतरत असणार.

परवा शनिवारी सकाळी आत्या पुन्हा गच्चीवर आली. खुर्ची मी आदल्याच दिवशी साबणानं धुतली होती आणि तसं तिला सांगितलंही. ती बसली नाही. तिनं बोट काढलं. आधी पाण्याची टाकी. बोट बघितलं, पदराला पुसलं. मग कपड्यांची तार. मग तुळशीची कुंडी, कठडा, कठड्याचा कोपरा. मी पेपरआडून पाहत होतो. दर टप्प्याला बोट जरा जास्त काळं होत होतं, आणि आत्या मुंगीनं गुळाचा माग काढावा तशी त्या दिशेनं सरकत होती.

ईशान्येच्या कोपऱ्यात तीन विटा मांडलेल्या आहेत. शेजारी काटोलहून आणलेला पऱ्हाट्यांचा भारा. वर जुन्या पत्र्याचा तुकडा. हिवाळ्यात दर शनिवारी रात्री आमच्याकडे भरीत असतं, आणि ते मी करतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत म्हणत नाही. वांग्याला पऱ्हाटीची धग लागली पाहिजे, साल कोळसा होऊन आपोआप सुटली पाहिजे, आणि धुराचा वास गरापर्यंत गेला पाहिजे. यावर मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला व्याख्यान देतो. पऱ्हाट्या जरा दमट असतील तर धूर थोडा जास्त होतो. वारा असला की तो खाली उतरतो. समोरचे गृहस्थ मग प्लॉटवरून उठून घरात जातात. जाताना हात हलवतात.

आत्यानं विटेच्या आतल्या अंगाला तर्जनी टेकवली आणि उचलली. टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत मखमल.

“भरताला धुराचा वास लागतो ना गं,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. जवळ आली, आणि ते बोट तिनं माझ्या उजव्या गालावर टेकवलं, फोटोतल्या जागी. “दृष्ट लागण्यासारखं काही राह्यलं नाही तुझ्यात,” ती म्हणाली, “पण असू दे.”

मग उरलेलं बोट पेपरला पुसून तिनं विचारलं, “वांगी किती आणली?”

“चार.”

“दोन अजून आण. अन् खुर्ची आधी खाली नेऊन ठेव.”